शुक्रवारचा फॅक्स

रकाना १ : अर्जदाराचं पूर्ण नाव

मंगळवारी सकाळी आठ वाजता रेखा टिळेकरने कॉलेजचं ऑफिस उघडलं, तेव्हा फॅक्सच्या यंत्राखाली दोन कागद पडलेले होते.

पहिला वाचून तिने एसी बंद केला. मे महिना, मस्कत, आणि तिला थंडी वाजत होती.

कागद बॉस्टनजवळच्या त्या विद्यापीठाचा होता. वादी अदाईतल्या या दोन वर्षांच्या कॉलेजात त्याचं नाव जरा आवाज खाली करूनच घेतलं जाई. मजकूर थोडका होता. तस्नीम परकार यांच्याकडून आम्हाला दोन पत्रं मिळाली आहेत. चौदा मेच्या पत्रात जागा स्वीकारली आहे. सोळा मेच्या पत्रात ती नाकारली आहे. खरं कोणतं? विद्यार्थिनीची सही आणि कॉलेजचा शिक्का असलेला खुलासा मंगळवारी दुपारी बारापर्यंत आला नाही, तर जागा प्रतीक्षायादीतल्या पुढच्या विद्यार्थ्याला दिली जाईल.

मंगळवार म्हणजे आज. बॉस्टन मस्कतच्या आठ तास मागे. रेखाने बोटांवर मोजलं. आज संध्याकाळी आठपर्यंत.

दुसरा कागद म्हणजे त्या नकाराच्या पत्राची प्रत. चार ओळी, टाइपरायटरवर. खाली सही. शेवटच्या अक्षराची शेपटी मागे वळवून नावाखाली ओढलेली रेघ. ही सही रेखा दोन वर्षं बघत होती.

सही खोटी नव्हती. भीती त्याचीच वाटली.

रकाना २ : याआधीचं शिक्षण

तस्नीम परकार, वय एकोणीस. वडील हुसैनमियाँ, मूळचे रत्नागिरीजवळचे, इथे मस्कतच्या रुवी भागात एसीच्या सुट्या भागांचं दुकान. चार वर्षांच्या कॉलेजला पाठवायची ऐपत नव्हती, म्हणून इथे दोन वर्षं. आता तिथे थेट तिसऱ्या वर्षाला, शिष्यवृत्तीसह. या कॉलेजातून असं कुणी गेलं नव्हतं. तिचा प्रत्येक कागद रेखाने तपासून, शिक्का मारून पाठवला होता.

प्रिन्सिपल एकनाथ सर दारातच उभे राहून पत्र वाचत होते.

"सही तिचीच आहे?"

"हो सर. पण ती असं लिहिणं शक्य नाही."

"मग कुणी लिहिलं?"

"माहीत नाही."

"मग शिक्काही नाही." त्यांनी चष्मा काढला. "टिळेकरबाई, आज आपण लिहायचं की पहिलं पत्र खरं. उद्या तिसरं पत्र गेलं तर? या कॉलेजचे कागद वाऱ्यावर उडतात म्हणतील. मागून येणारी सगळी पोरं अडकतील. कुणी पाठवलं ते मला आठच्या आत कळू दे. मग मी स्वतः सांगेन, मारा शिक्का."

तस्नीम साडेआठला आली. हातात निळी फाइल, ओढणीच्या टोकाला गाठ मारून ठेवलेला एक दगड. दगड तिच्याजवळ नेहमी असायचे. वादीत, म्हणजे कोरड्या नदीपात्रात सापडलेले, हिरवट, मेणासारखे.

पत्र वाचताना तिचे ओठ पांढरे पडत गेले.

"मॅडम, हे मी नाही लिहिलं. आय स्वेअर."

"सही?"

"सही माझी आहे." ती हळूच म्हणाली. "मॅडम, हे माझ्या घरातलं कुणीतरी आहे का?"

रेखाने फाइल पुढे ओढली. तिला नेमका तोच प्रश्न पडला होता.

रकाना ३ : मुख्य विषय (एकाहून अधिक असल्यास दोन्ही लिहावेत)

फाइल उघडली. सगळ्यात वर प्रवेशाचं पत्र. मुख्य विषय दोन : गणित आणि भूगर्भशास्त्र. एकाच वेळी दोन पूर्ण पदव्या. त्यासाठीच तर तिने हे विद्यापीठ निवडलं होतं.

त्याखाली तिने स्वतः नाकारलेल्या एका दुसऱ्या कॉलेजच्या पत्राची प्रत. त्यांनी फक्त गणित देऊ केलं होतं.

रेखाने ती प्रत आणि फॅक्स शेजारी शेजारी ठेवले. ओळ न् ओळ सारखी. विद्यापीठाचं नाव तेवढं बदललेलं. 'गणिताच्या अभ्यासक्रमातील जागेबद्दल आभारी आहे.' फॅक्समध्येही तेच. गणित. दगडांचा पत्ताच नाही.

"ही फाइल कुठे असते?"

"घरी. फळीवर."

"कोण वाचतं?"

"कुणीच नाही. अब्बांना सही करण्यापुरतं इंग्लिश येतं. अम्मीला तेही नाही. भाईला येतं."

भाई म्हणजे अरमान. बारावीनंतर दुकानात बसलेला, तिच्याहून पाच वर्षांनी मोठा.

रेखा पानं उलटत राहिली. तिथल्या विम्याची चौदा पानांची पुस्तिका आली. शेवटच्या पानावर एका ओळीशेजारी पिवळा डाग होता.

"हे काय? जेवता जेवता फाइल वाचतेस?"

"नाही मॅडम. ती पुस्तिका मी अजून वाचलीच नाही. नुसता मागचा रकाना भरला आणि कुठे सही करायची ते पाहिलं."

रकाना ४ : सही

"कोऱ्या कागदावर कधी सही केली होतीस?"

तस्नीमने मान खाली घातली. म्हणजे केली होती. इथे कोण करत नाही? व्हिसाचं नूतनीकरण आलं की सरकारी कचेऱ्यांच्या फेऱ्या मारणारा माणूस चार कोऱ्या कागदांवर सह्या घेऊन जातो. टायपिंगवाला त्यावर अरबीत काय लिहितो ते सही करणाऱ्याला वाचता येत नाही. रेखाने स्वतः दरवर्षी केल्या होत्या. 

"किती कागद?"

"चार. मजीदचाचांसाठी. दुकानाच्या ड्रॉवरमध्ये ठेवले होते."

रेखाने त्या फेऱ्या मारणाऱ्या मजीदला फोन लावला. तो ओमानच्या दुसऱ्या टोकाला, सलालाहला होता.

"गुरुवारपासून इथं हाय मॅडम. पोरगीचे कागद? तीनच मिळाले मला. म्हटलं, तीन तर तीन. काय लफडा झाला?"

चारातला एक कागद बॉस्टनला पोचला होता.

रेखाने फॅक्स उजेडात धरला. वरच्या कडेला पाठवणाऱ्या यंत्राने छापलेली बारीक ओळ : शुक्रवार, १६ मे २००३, १३:५०. नावाची आणि नंबरची जागा कोरी. खालच्या कडेला बॉस्टनच्या यंत्राची पोच : शुक्रवार, ०४:२०.

शुक्रवार, दुपारचे दोनला दहा कमी.

त्या वेळी आपण कुठे होतो, हे आठवायला तिला कष्ट पडले नाहीत. ती परकारांच्या घरी जेवत होती.

रकाना ५ : अर्जदाराला ओळखणाऱ्या व्यक्ती

शुक्रवारी तस्नीम बाराला वादी अदाईत रेखाच्या घरी आली होती, तिला न्यायला. नवरा सोहारला साइटवर, रेखा एकटीच. दोघी गप्पा मारत टॅक्सीने रुवीला पोचल्या तेव्हा एक वाजला होता. हुसैनमियाँ आणि अरमान जुम्म्याची नमाज पढून नुकतेच जिना चढत होते. पोरीच्या प्रवेशाची दावत. तांदळाच्या भाकऱ्या, कोंबडीचं तिखट, नारळाच्या दुधातलं सांदण. आमिनाभाभी वाढत होती. अरमान घाईघाईत चार घास खाऊन दीडलाच उठला.

आज, मंगळवारी, रेखा तस्नीमला घेऊन तोच जिना चढत होती. पहिल्या मजल्यावर उत्तम कदमांचं दार अजून बंद. चिपळूणचा माणूस, दोन वर्षांमागे झोपेत गेला. कागद पुरे होईपर्यंत बावीस दिवस हॉस्पिटलच्या शवागारात. त्याच्या बायकोला ते बावीस दिवस आमिनाभाभीने जेवण पोचवलं होतं.

पण तिथे थांबायला वेळ नव्हता. खालून हुसैनमियाँनी हाक मारली.

"रेखामॅडम! वर नको, दुकानात या. हितं बोलू. वर आमिना घाबरंल."

दुकानात पाऊल ठेवताच रेखाचं लक्ष भिंतीवरच्या घड्याळाकडे गेलं. दीड! 

"दीड वाजला?"

"नाय ओ, बारा वाजले. ता मुंबयचा टाइम हाय." हुसैनमियाँ ओशाळं हसले. "मशीद बंदरचा व्यापारी दीडला जेवायला उठतो. त्याच्या आधी गाठायचा लागतो. वीस वर्षं हितली सगळी घड्याळां तिथल्या टाइमावर. आमची पोरां हसतात."

कोपऱ्यात टाइपरायटर होता. त्याच्या शेजारी फॅक्स.

"मियाँ, शुक्रवारी दुपारी दुकान उघडं होतं?"

"चारला उघडतो. का?"

"दोनला दहा कमी असताना इथे कोण होतं?"

ते उत्तर द्यायच्या आत मागच्या दारातून अरमान आला. त्याने प्रश्न ऐकला होता.

"मी होतो."

"काय करत होतास?"

"झोपलो होतो."

"पाहुणे घरात, आणि तू इथे झोपलास?"

"वर एसी बंद पडलाय. एसीवाल्याच्या घरचा एसी. कोण दुरुस्त करणार?" त्याने हसायचा प्रयत्न केला. कुणी हसलं नाही.

"कुणी पाहिलं तुला?"

"झोपलेल्या माणसाला कोण बघतो मॅडम?"

रेखाने फॅक्स त्याच्यापुढे धरला. त्याने वाचला. चेहरा उतरला. हुसैनमियाँना इंग्रजी येत नव्हतं, पण पोराचा चेहरा वाचता येत होता.

"तू केलंस?" ते म्हणाले. "तुझा कॉलेज सुटला म्हनून तिचा पन सोडवतोस?"

"अब्बा, मी नाही..."

"हितं तू एकटा. मशीन हितं. कागद हितं. आनि कोन? जिन?"

त्यांचा हात वर गेला. तस्नीम किंचाळली. "अब्बा, नको!" हात तसाच हवेत राहिला, मग हळूहळू खाली आला. 

"खलास," हुसैनमियाँ म्हणाले. "उद्यापास्ना तू माझ्या दुकानात नको."

रकाना ६ : वेळ

वरच्या घरात रेखा एका खुर्चीवर बसून राहिली होती. चार वाजून गेले होते. सगळं जुळत होतं. संधी, यंत्र, कागद, कारण. मग खटकत काय होतं?

तस्नीम भिंतीला टेकून बसली होती. "भाई असं करणार नाही. मॅडम, दगडांसाठी मला वादीत कोण घेऊन जायचं? भाईच. दर शुक्रवारी. स्वतः हातोडा चालवायचा. भूगर्भशास्त्राचा फॉर्म त्यानेच भरायला लावला."

रेखाने मान वर केली.

मग त्याने पत्रात फक्त गणित का लिहिलं असतं?

"पुन्हा बघूया. फाइल कुठे आहे तुझी?"

"आणते," म्हणत आमिनाभाभी स्वयंपाकघरातून आली. ओले हात पदराला पुसले. फळीवर पाच निळ्या फायली ओळीने उभ्या होत्या. दुकान, व्हिसा, वीजबिल, कॉलेज, शाळा. पाठीवरच्या चिठ्ठ्या सगळ्या इंग्रजीत, तस्नीमच्या हातच्या. आमिनाने चौथी ओढली, रेखापुढे ठेवली, सरबताचा ग्लास जरा लांब सरकवला आणि परत आत गेली.

रेखा फाइलकडे बघत राहिली. उघडली नाही.

मग तिने फॅक्स मांडीवर घेतला. वर १३:५०. खाली ०४:२०. कागद निघतो तेव्हाच पोचतो. मस्कत आणि बॉस्टनमध्ये आठ तास. पावणेदोन-दोनला इथून निघालेला कागद तिथे पहाटे सहाच्या सुमाराला पोचायला हवा.

पोचला होता चार वीसला. दीड तास आधी.

कुठलाही कागद निघायच्या आधी पोचत नाही.

तिला अचानक उठून पळून जावंसं वाटलं. वादी अदाईला, आपल्या घरी, दाराला कडी लावून. जे कळलं ते कळलंच नाही असं म्हणता आलं असतं. पण खाली, फुटपाथवर, अरमान ट्रकच्या सावलीत बसला होता.

"तस्नीम," ती म्हणाली, "तुझी डिक्शनरी कुठे आहे?"

रकाना ७ : हा रकाना फक्त कार्यालयासाठी. अर्जदाराने काही लिहू नये.

पाच वाजता सगळे दुकानात होते. हुसैनमियाँ गल्ल्यामागे. अरमान दाराबाहेर, आत यायला तयार नव्हता. तस्नीम स्टुलावर. आमिनाभाभी जिन्याच्या पायरीवर, डोक्यावरून पदर घेऊन.

"अरमानने फॅक्स पाठवला नाही," रेखा म्हणाली.

"पन दोनला हितं..."

"फॅक्स दोनला गेलाच नाही मियाँ. तुमच्या भिंतीवर आता किती वाजलेत?"

"साडेसा."

"आणि खरे?"

"पाच."

"यंत्राकडे बघा."

हुसैनमियाँ वाकले. फॅक्सच्या छोट्या काचेत १८:३० दिसत होतं. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं, मग परत यंत्राकडे.

"वरची वेळ मुंबईची आहे. तेरा पन्नास म्हणजे इथले बारा वीस. बॉस्टनची पोच चार वीस. आठ तासांचा हिशेब बरोबर बसतो." रेखाचा आवाज कोरडा पडला होता. "शुक्रवारी बारा वीसला तुम्ही कुठे होता?"

"मशिदीत. नमाजेआधीचा खुतबा चालू होता."

"अरमान?"

"माझ्या बाजूला." ते थांबले. "माझ्या बाजूलाच होता."

दाराबाहेर अरमानने तोंड फिरवलं.

"मजीद सलालाहला. तस्नीम बारापासून माझ्याकडे. दुकान बंद, पण किल्ली तुमच्या स्वयंपाकघरात खिळ्याला. लिहिणाऱ्याला फाइल कुठे आहे ते माहीत होतं, ड्रॉवरमधले सहीचे कागद माहीत होते. तस्नीमच्या जुन्या पत्रावरून एकेक अक्षर बघून टाइप केलं, फक्त विद्यापीठाचं नाव बदललं. पण दोन विषय घ्यायचे म्हणजे काय, ते ठाऊक नव्हतं. म्हणून दगड राहून गेले. अरमानकडून ते कधीच राहिले नसते."

"पन मग घरात राहिला कोन?" हुसैनमियाँ म्हणाले. "आमिना? तिला तर ए-बी-सी..."

ते बोलता बोलता थांबले. सगळे जिन्याकडे बघत होते.

"भाभी," रेखा म्हणाली, "मघाशी पाच फायलींतून तुम्ही नेमकी हीच काढलीत. चिठ्ठी वाचून."

आमिनाने पदर सारखा केला.

रेखाने डिक्शनरी उघडून गल्ल्यावर ठेवली. दोन पानांत आगकाडी खूण म्हणून घातलेली. एका शब्दाखाली पिवळा ठसा. हळदीचा. शेजारी विम्याच्या पुस्तिकेचं चौदावं पान. तिथेही तोच ठसा.

"काय हाय त्यात?" हुसैनमियाँनी विचारलं.

रेखाने वाचलं. हळू, मराठीत. "विद्यार्थ्याचा मृत्यू झाल्यास पार्थिव मायदेशी पाठवण्याचा खर्च."

यंत्राचा पंखा गुरगुरत होता. 

"पयल्या पानापास्ना वाचला मी," आमिना म्हणाली. "चार दीस लागले. तुमी मिठाई वाटत होता. कोनी वाचला ता? कोनीच नाय वाचला. नुसत्या सह्या." ती तस्नीमकडे बघत नव्हती. "उत्तमभाऊंची बायको रोज मला इचारायची, भाभी, आज देतील का? बावीस दीस. हितं, आपल्या मान्सांत. आनि थितं? थितं कोनाच्या दारात जाऊ मी?"

"अम्मी, ते सगळ्यांच्याच फॉर्ममध्ये असतं," तस्नीम रडत म्हणाली. "नुसती एक ओळ असते."

"ठाव हाय. लिवतात म्हंजे होतं कदी तरी."

"तुला इंग्लिश कधीपासून..."

"तू केजीत होतीस तवापास्ना. तुला बसवायची ना मी अभ्यासाला? एप्पल तू शिकलीस, तवा मी पन शिकले." तिच्या आवाजात जरासा अभिमान होता, आणि लगेच तो विझला. "एका बोटानं टाइप केला. हात कापत होते. नमाजेचा टाइम, म्हनून जास्तच."

"मला सांगायचंस!" हुसैनमियाँ ओरडले. "पंचवीस वर्षं..."

"काय सांगू? मला भ्या वाटता? तुमी हसला असता."

ते उठून दारात गेले. बाहेर बसलेल्या पोरासमोर उभे राहिले. त्याच्या खांद्यावर हात ठेवून तसेच उभे राहिले. अरमानने हात झटकला नाही. पकडलाही नाही.

रकाना ८ : आपत्तीत कुणाला कळवावं

रेखाने एकनाथ सरांना फोन केला. नाव सांगितलं नाही. "घरातल्याच माणसाने, भीतीपोटी. पुन्हा होणार नाही. जबाबदारी माझी." पलीकडून सर म्हणाले, "मारा शिक्का."

तिने पर्समधून शिक्का काढला. जबाबदारी माझी, म्हणाली होती ती. उद्या तिसरं पत्र गेलं तर?

तस्नीमने टाइपरायटरवर कागद चढवला, पण तिची बोटं चालेनात. स्टूल रिकामं करून ती बाजूला झाली. कुणी सांगितलं नव्हतं, तरी आमिना उठली, पदर कमरेला खोचला आणि बसली.

"सांगा रेखाताई."

एका बोटाने, अक्षर शोधत शोधत, अर्ध्या तासात तीन ओळी झाल्या. पहिलं पत्र खरं. दुसरं माझं नाही. मी येत आहे. दोन्ही विषयांसाठी : गणित आणि भूगर्भशास्त्र. या शेवटच्या शब्दापाशी ती अडली, तेव्हा दारातून अरमानने एकेक अक्षर सांगितलं. तो आत आलेला कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं.

सही. शिक्का. फॅक्स गेला. काचेत १९:१२, बाहेर पावणेसहा व्हायचे होते. बावीस मिनिटांनी बॉस्टनहून फोन आला. बाई एवढंच म्हणाली की फाइल बंद केली आहे, ऑगस्टमध्ये भेटू.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. तस्नीम आईपासून दोन हात दूर उभी होती. जवळ जावं की नाही, ते तिला कळत नव्हतं.

"विम्याचा ता कागद दे," आमिना म्हणाली.

तस्नीमने घाबरून वडिलांकडे पाहिलं.

"फाडत नाय. दे."

चौदाव्या पानाच्या मागे एक रकाना होता. आपत्तीत कुणाला कळवावं. तस्नीमने तिथे आधीच लिहून ठेवलं होतं : अरमान परकार, भाऊ. घरात इंग्रजी बोलणारा तोच एक, म्हणून.

आमिनाने पेन घेतलं. ते नाव एका रेघेने खोडलं. वर, मोठ्या इंग्रजी अक्षरांत, एकेक अक्षर सुटं सुटं काढत तिने लिहिलं : आमिना परकार. आई.

"फोन आला तर माझ्याशी बोलूंदेत," ती म्हणाली. "मला दुसऱ्याकडून ऐकायचा नाय."

आणि तिने पान रेखापुढे सरकवलं. "बगा. बरोबर लिवलाय ना?"

रेखाने बघितलं. बरोबर होतं. शिक्का त्या पानावर लागत नव्हता. तिने तो तरीही मारला.